चालत्या ऑटोतला निकाल

भाभी, काकू, जुन्या शहरातल्या माह्या मंडळींनो,

इतके लोक आले, अन् मले माईकसमोर बोलता येऊन नाही राहिलं. माईक म्हणजे सलीमभाईचं काम. मी सुनील, त्याईचा स्टुडिओतला भागीदार. त्याईच्या शोकसभेत रडाचंच ठरवून आलो होतो. पण आज सकाळी एक गोष्ट झाली, ते सांगतल्याशिवाय माह्याच्यानं राहवत नाही!

ह्या शांताकाकू. नांदगाव खंडेश्वरात फुलं विकतात. शेतीनं साऱ्या भागाचं कंबरडं मोडलं, लोकाईनं लग्नातला बँडबी बंद केला, अन् अशात काकू म्हणे, "मले माहं गाणं रेकॉर्ड कराचं हाय." सलीमभाईचं हे शेवटचं काम. फक्त मास्टरिंग राहिलं होतं, म्हणजे गाण्यावरचा अखेरचा हात.

अन् तिथंच आमचं भांडण! कॉम्प्युटरवर दोन मल्टिबँड लिमिटर. दोन्ही आवाजाचे जाड, मधला, बारीक असे पट्टे करतात, अन् फुटू नये म्हणून दाबतात. त्याईच्या आवडीच्यात सारे पट्टे एकमेकाले बांधलेले. माह्यात सुटे. मी म्हणो, "तुमच्यात ढोलक वाजला की काकूचा आवाज बसते." ते म्हणत, "अबे सुनील्या, तुह्यात ढोलक अन् काकू दोन घरचे वाटतात!"

निकाल कसा लावाचा? सलीमभाईचा कायदा तुमाले ठाऊक हाय. एकच गाणं दोन्ही लिमिटरमधून काढा, सारख्याच आवाजावर ठेवा, कारण मोठं वाजते ते कानाले चांगलंच वाटते. नावं झाका. अन् ऐका कुठं? चालत्या ऑटोत! "लोक तिथंच ऐकतात," म्हणत. तो निकाल राहून गेला. ते गेले.

आज सकाळी काकूले घेऊन गणेशच्या ऑटोत बसलो. गाणी लावणारा गणेशच, आमाले नावं माहीत नाही. मोर्णा नदीच्या पुलावर पहिलं लागलं. ढोलक इंजिनानं खाऊन टाकला, अन् काकूचा आवाज दर थापेले खाली! मंग दुसरं. काकूनं माहा हातच धरला. "हे! याच्यात मी पुरी हाय!"

गणेशनं नाव सांगतलं. माहं होतं!

सलीमभाई, तुमी हरले! तुमच्याच कायद्यानं हरले! तुमी असते तर पुलावरच ऑटो थांबवून नाचले असते. मी जिंकलो, भाई. पण सांगू कोणाले?

मंडळी, आता उभे राहा. दाराशी गणेशचा ऑटो हाय. काकूचं गाणं एकदा लागन, मंग आपण मौन पाळू. गणेश, गाणं संपलं तरी इंजिन बंद करू नको. ते चालू असल्याशिवाय सलीमभाई ऐकत नसत.