अम्मा घरात असताना

ती मुलगी पुढे खडखडीत बरी झाली, म्हणूनच हा प्रसंग आज हसत सांगता येतो. एका मोठ्या दुष्काळानंतर सोलापुरात आमच्या शेजारी तेलंगणातून एक विणकर कुटुंब राहायला आले. त्यांच्या चिमुरडीला गोवर निघाला आणि पाठोपाठ तिची छाती भरली. मी डॉक्टरांना घेऊन गेलो, तर तिची आजी दार अडवून उभी.

“मास्तर, गोवर न्हाय, देवी अम्मा आलीया घरात. सुई टोचली तर रागावंल की!”

आत मुलीला श्वास पुरत नव्हता. डॉक्टरांनी पायांतले बाहेर काढले, आतल्या दिशेने नमस्कार केला आणि शांतपणे विचारले, “अम्मा पाहुणी आहे, तिचा मान राहू द्या. पण आजी, हा खोकला? त्यालाही बोलावले होते का?”

“खोकल्याला कोन बोलावतंय?”

“मग सुई त्याच्यासाठी. अम्माला मी हातही लावणार नाही.”

आजीने बराच विचार करून वाट दिली. डॉक्टर खाटेच्या कडेला टेकून सुई भरू लागले, तोच आजी ओरडली, “उठ, उठ! कुटं बसलास? अम्माच्या मांडीवर की रे!”

डॉक्टर ताडकन उठले. त्यांनी त्या जागेची हात जोडून क्षमा मागितली आणि उभ्यानेच सुई दिली.