दोघी शिकणाऱ्या, शिकवणारं कोणीच नाही

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे ज्यांनी आपल्या शाळेचं हे सभागृह आपल्याला मिळवून दिलं ते निवृत्त मुख्याध्यापक सर; व्यासपीठावरच्या ग्रंथपाल बाई, ज्यांच्या वाचनालयाचं इंटरनेट आम्ही सगळ्यांनी मिळून दमवलं; आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या लाडक्या जोडीताई; आणि समोर बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, ज्यांचे चेहरे मी आज पहिल्यांदाच बघतेय पण ज्यांचे आवाज मला झोपेतही ओळखू येतील, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सुरुवातीलाच अध्यक्षांची एक परवानगी मागते. माझा फोन मी या टेबलावर उघडा ठेवणार आहे आणि मधूनमधून त्याच्याकडे बघणार आहे. सर, तुमच्या शाळेत हा गुन्हा आहे, मला माहीत आहे. पण आज शाळान्त गणिताच्या फेरपरीक्षेचा निकाल आहे, आणि तो आत्ता, कोणत्याही क्षणी लागेल. माझा नाही हो, माझा कधीच लागला! माझ्या मॅडमचा आहे. जेवणाची सुट्टी सोडली तर त्यांना कामावर फोन जवळ ठेवू देत नाहीत, म्हणून त्यांनी आपला बैठक क्रमांक माझ्याकडे दिलाय आणि सांगितलंय, "तुम्हीच बघा, माझ्याच्याने नाही बघवणार." तर माझं लक्ष उडालेलं दिसलं तर समजून घ्या. सर हसले, म्हणजे परवानगी मिळाली असं मी धरते.

आता तुम्ही म्हणाल, मॅडमचा निकाल? मॅडम नापास कशा होतील? तीच तर गंमत आहे. जोडीताई, तू जरा नीट सावरून बस. हे तुला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

नवीन आलेल्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. आपला हा 'अभ्यासजोडी' उपक्रम म्हणजे मुलांनी मुलांना शिकवायचं, फोनवरून, फुकट. ज्याला एखादा विषय येतो तो शिकवणारा, ज्याचं घोडं अडलंय तो शिकणारा. दोघांची जोडी लावून द्यायचं काम ताईचं. आणि शिकवणाऱ्याला एकच कडक नियम: उत्तर सांगायचं नाही. समोरच्याने काहीही विचारलं तरी उलट त्यालाच विचारायचं, 'तुला काय वाटतं?' हा नियम ताईनेच केला, आणि या नियमानेच पुढचा सगळा घोळ घातला.

मी गणितात दोनदा आपटले होते. वडिलांचं चष्म्याचं दुकान आहे, आणि घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं की आता ही बसेल गल्ल्यावर. मला तर रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायचं होतं, आणि तिथल्या अभ्यासक्रमाला गणित पास लागतं. शेवटचा उपाय म्हणून मी ताईकडे नाव दिलं. दोन दिवसांत निरोप आला, 'तुझी जोडी जुळली.' सोबत एक नंबर.

पहिला फोन. मी घाबरून म्हटलं, "नमस्कार मॅडम." पलीकडून तितक्याच घाबरलेल्या आवाजात, "नमस्कार मॅडम." मला वाटलं, वा, काय नम्रता! मी म्हटलं, "त्रिकोणमितीतलं ते मनोऱ्याचं गणित, त्याची उंची कशी काढायची?" त्या म्हणाल्या, "मलाही तेच विचारायचं होतं." मी मनात म्हटलं, नियम किती काटेकोर पाळतात या! मग मी म्हटलं, "कोन दिलाय, अंतर दिलंय." त्या म्हणाल्या, "पण मनोऱ्याची उंची आपण का मोजायची? ज्याने बांधला त्याला माहीत असेलच की." बापरे! इतका मूलभूत प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी दिवसभर त्याच विचारात.

हसताय ना? हसा. ताई, तू पुष्पगुच्छाच्या आड का जातेस? तुझ्या लक्षात आलंय. हो बाई, हो! तू शिकणाऱ्यातल्याच दोघींची जोडी लावून दिली होतीस! त्याही गणितात दोनदा नापास, मीही दोनदा नापास. त्या मला शिकवणारी समजत होत्या, मी त्यांना. दोघी शिकणाऱ्या, शिकवणारं कोणीच नाही!

थांबा, जरा बघते. नाही, अजून ते चक्र गोल गोल फिरतंच आहे.

आता कोणी विचारेल, इतक्या महिन्यांत कळलं कसं नाही? अहो, कळणार कसं? त्या बोलायच्या तेव्हा मागे मोठाल्या यंत्रांची घरघर यायची. मी समजले, बाई कुठल्यातरी संशोधन संस्थेत आहेत. प्रत्यक्षात त्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला आहेत, आणि जेवणाच्या सुट्टीत घड्या घातलेल्या चादरींवर वही ठेवून माझ्याशी बोलायच्या. माझ्या मागे दुकानात डोळे तपासायला आलेले आजोबा-आजी भिंतीवरचा तक्ता वाचत असायचे, मोठ्ठ्याने, एकेक अक्षर. तिकडे मॅडमना वाटायचं, या एका बाजूला मला शिकवतात आणि दुसऱ्या बाजूला प्रौढांचा साक्षरता वर्ग चालवतात. त्यांच्या मनात माझ्याविषयी काय आदर होता म्हणून सांगू!

आणि मॅडमसमोर अडाणी दिसायला नको म्हणून मी काय काय केलं! एरवी वाचनालयात मी फक्त पंख्याखाली बसायला जायची. बाई साक्षीदार आहेत. पण 'आज मॅडम काय विचारतील' या धास्तीने मी जुनी पाठ्यपुस्तकं उपसली, धडे दोन-दोनदा वाचले. तिकडे त्याही तेच करत होत्या. मग फोनवर मी एखादी पायरी सांगितली की त्या म्हणायच्या, "वा! हे मला सुचलंच नसतं." मला वाटायचं, माझा हुरूप वाढवायला म्हणतात. नाही हो, त्यांना खरंच सुचलं नव्हतं! माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडून काहीतरी शिकत होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मला फक्त एवढं कळत होतं की फोन ठेवल्यावर मी चक्क गुणगुणायची. गणित झाल्यावर! आई एकदा वडिलांना म्हणाली, "अहो, हिला ताप तर नाही ना, बघा."

ताई, तुला आठवतं, वर्षाच्या शेवटी तू सगळ्यांना विचारलं होतंस की सर्वात छान शिकवणाऱ्याचं नाव सुचवा? मी त्यांचं दिलं, त्यांनी माझं दिलं. शिकवणाऱ्यांत आमची नावंच सापडेनात तेव्हा तू कॉम्प्युटर बिघडला म्हणून मेकॅनिक बोलावलास. त्या बिचाऱ्या कॉम्प्युटरचं काही चुकलं नव्हतं.

परीक्षा जवळ आली तेव्हा मात्र माझा धीर सुटला. मी म्हटलं, "मॅडम, नियम गेला चुलीत. आज तरी सरळ सांगा, हे कसं करायचं?" पलीकडे त्या रडायलाच लागल्या. "मला खरंच येत नाही हो. मी दोनदा नापास झालेय." आणि मी काय समजावं? मी समजले, ही शिकवण्याची सर्वात वरची पायरी! काय तो अभिनय! शिकवणारी रडतेय म्हणजे आता शिकणाऱ्याने तिला समजवायचं. मी लागले कामाला. म्हटलं, "डोळे पुसा. कागद घ्या. पंचेचाळीसचा कोन आहे ना? मग मनोरा जेवढा उंच, तेवढंच आपण त्याच्यापासून लांब उभे. आता कोन वाढवला तर काय होईल?" त्या हुंदके देत देत म्हणाल्या, "मग जवळ जावं लागेल." मी म्हटलं, "जमलं की!" आणि बोलता बोलता मला जाणवलं की मला येतंय. पाठ नाही, येतंय. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी दुकानातल्या एका गिऱ्हाइकाला त्याच्या मापाचा नसलेला चष्मा घालून पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी परत आले ते.

मी पास झाले. निकाल बघून पहिला फोन मॅडमना. "मॅडम, तुमच्यामुळे मी पास झाले!" पलीकडून अगदी बारीक आवाजात त्या म्हणाल्या, "अहो मॅडम, पण तुम्ही परीक्षेला कशाला बसलात?"

हसा, हसा. आम्हीही हसलो, पोट धरून. पण हसू ओसरल्यावर मी विचारलं, "आणि तुमचं?" त्या म्हणाल्या, "थोडक्यात गेलं." मग मी रडले आणि त्याच मला समजावत बसल्या. पुन्हा उलटंच!

आमचं आधीपासून ठरलेलं होतं, 'पास झाल्यावर भेटायचं'; कोणी पास व्हायचं, हे दोघींनीही विचारलं नव्हतं. एकाच गावात राहतो, पण एकमेकींना पाहिलेलं नाही. मी म्हटलं, आता भेटू या. त्या म्हणाल्या, "नाही, ठरलं ते ठरलं." त्यांना इस्पितळातल्याच परिचारिका-सहायक प्रशिक्षणाला जायचंय. तिथे वयाची अट आहे, आणि त्यांचं हे शेवटचं वर्ष. या निकालात जमलं तर जमलं, नाहीतर ते दार बंद, मग जन्मभर चादरी. म्हणून त्याच आठवड्यात मी खऱ्याखुऱ्या शिकवणाऱ्यांत नाव घातलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "आता तरी उत्तर सांगाल का?" मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी मला अशी काही शिवी घातली की ती या व्यासपीठावरून सांगता येणार नाही.

ताई, तू आता नोकरीसाठी दुसऱ्या गावाला चाललीस. सगळे तुझ्या हुशारीचं, कष्टांचं कौतुक करतायत. ते खरंच आहे, पण मला तुझ्या त्या एका चुकीबद्दल तुझे आभार मानायचे आहेत. बरोबर जोडी लागली असती तर मला कोणी हुशार मुलीने शिकवलं असतं, मी कदाचित पासही झाले असते. पण मला कोणाला तरी काही देता येतं, हे मला कधी कळलं असतं? मी तुला फार फार मिस...

थांबा. उघडलं. पान उघडलं! सर, एक मिनिट. क्रमांक टाकते. बाई, तुम्ही टाका ना, मला दिसतच नाहीये. चष्मेवाल्याची मुलगी आणि दिसत नाहीये!

मराठी पास, विज्ञान पास, ते आधीचंच. गणित...

गणित त्रेपन्न! पास! माझ्या मॅडम पास झाल्या हो! ताई, तुझी जोडी पास झाली, दोघीच्या दोघी! अगं, रडू नकोस, मीही रडेन. सर, तुम्ही टाळ्या वाजवताय? वाजवा, आणखी वाजवा!

बरं. अध्यक्षांचे आभार, व्यासपीठाचे आभार, तुम्हा सगळ्यांचे आभार. ताईबद्दल अजून पुष्कळ बोलायचं होतं, तिची मी भरपूर थट्टा केली आणि भाषण असं अर्ध्यात टाकून चाललेय. जे बोलायला नको होतं ते बोलले असेन, जे बोलायचं ते राहिलं असेल, सगळं मोठ्या मनाने पोटात घाला. ताई, सोमवारी तुला गाडीत बसवायला येतेच आहे, तेव्हा काय मारायचं ते मार. पण आत्ता धुलाईघराची पाळी सुटायची वेळ झालीय, आणि ही बातमी मला फोनवर द्यायची नाही. मी दारासमोर उभी राहणार, बायका बाहेर पडायला लागल्या की 'मॅडम!' अशी हाक मारणार, आणि जी वळेल तिला मिठी मारणार. चुकून भलतीच कोणी वळली, तर तिलाही. निघते!