तोच प्रश्न

कोर्टाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. तिची सून आतून आली.

“काय म्हणाले गं जज्जसाहेब?”

“यांना विचारलं, कोठडीत कुणी मारलं का. हे म्हणाले, नाही.”

“नाही? अगं, पाऊल टेकवत नव्हतं माझ्या लेकाला!”

“मारणारा हवालदारच मागे उभा होता, आई.”

“कुंपणच शेत खातं म्हटल्यावर दाद मागायची कुणाकडे?”

“ऐका तरी. साहेबांनी हवालदाराला बाहेर थांबायला सांगितलं. तो गेल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला.”

“मग तरी बोलला?”

“बोलले नाहीत. शर्टाची बटणं काढायला लागले.”

“बोटं सुजलीत गं त्याची. जमलं का?”

“वेळ लागला, आई. फार वेळ लागला.”

“आणि साहेब?”

“थांबले.”