चावी द्या हो खोलीची

तुम्ही हसाल, पण लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्हाला आमच्याच पुण्यात लग्नाचा पुरावा द्यावा लागला. कर्वेनगरच्या घरी राहिलो असतो, तर हिला दिवसभर आल्यागेल्याचा चहाच करावा लागला असता. म्हणून मी कॅम्पातल्या एका हॉटेलात दोन दिवसांसाठी खोली घेतली.

मॅनेजरने आमची आधार कार्डं पाहिली. हिच्या कार्डावर अजून माहेरचंच आडनाव.

"सॉरी सर, लोकल आयडीवर कपलला रूम देत नाही. मॅरेज सर्टिफिकेट आहे?"

"अहो, आमची मुलगी तुमच्या वयाची आहे!"

"त्याने काही सिद्ध होत नाही, सर."

मी बॅग उचलली.

"ठेवा ती खाली," ही म्हणाली. मग काउंटरवर पर्स ठेवून तिने खणखणीत आवाजात उखाणाच घेतला:

"कर्वेनगर सोडून आले, बॅग भरून दोन दिवसांची,
सुहासरावांचं नाव घेते, चावी द्या हो खोलीची!"

सोफ्यावरच्या दोन बायकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरही हसला, पण पठ्ठ्या हटेना. "आता सरांनी घ्यावा."

मी "चांदीच्या ताटात" म्हणालो आणि तिथेच अडकलो. ताटात काय होतं, ते काही केल्या आठवेना.

"बघितलंत?" ही विजयी मुद्रेने म्हणाली. "पंचवीस वर्षं इथेच अडकतात. खोटा नवरा असता, तर पाठ करून आला असता!"

मॅनेजरने चावी काढली आणि हिच्या हातात दिली.