लोखंडी कढईतला रंग

— नाही भाऊ, हा दुपट्टा आमच्या हातचा नाही. उगाच आले तुमी इतल्या दुरून, अकोल्याहून, या चैताच्या उन्हात. बसा, ओसरीत सावली हाये — पन बोला जरा हळू. नाही, नाही, कोनी झोपलं नाही, माही सून आत मागावर बसली हाये. ऐकून राहिले ना? खट-खट, खट-खट — जवर तो धोटा चालू हाये तवर तिले बाहेरचं काही ऐकू येत नाही. सातवा महिना हाये तिले. म्हनून म्हनते, हळू. तुमी आल्या आल्या उंबऱ्यापाशी उभं राहून सांगतलं, हा दुपट्टा ज्याच्या खांद्यावर होता तो गाडीवान वाटेत मेला — असं बोलाव का भाऊ, भरल्या घराच्या दारात, पोटुशी बाई आत असताना? नशीब, दारात मीच होती. पानी आनाव, तं माठ आत मागापाशी हाये, ते इचारन कोन आलं. थांबा जरासक.

माहं नाव कोनं सांगतलं तुमाले? अकोल्याच्या बाजारात, एका भाजीवालीनं? म्हनली का, असे चित्रविचित्र दुपट्टे अमरावतीत खोलापुरी वेशीपाशी तानुबाई कोष्टीनच विनते? हाव, विनते. ते खोटं नाही. हौसेनं विनते का? कायची हौस बाप्पा! सूतच मिळत नाही तं कोष्ट्यानं कराव काय? तिकडं साता समुद्रापल्याड गोऱ्या लोकाईची आपसात लढाई लागली म्हनतात, तिकडचा कापूस बंद पडला, अन् इकडं आमच्या वावरातला कापूस बोंडातून निंगाला का गाठीत, गाठीतून गाडीत, अन् गाडी चालली मुंबईच्या वाटेनं. तुमीच तं नेता — रागानं नाही म्हनत, तुमी गाडीवान, तुमचंही पोट हाये. ज्याचं वावर हाये त्याच्या बैलाच्या गळ्यात चांदीचे घुंगरू आले, अन् आमच्या कोष्टीपुऱ्यात लोकाईनं माग मोडून चुलीत घातले. म्या नाही घातला. मी अन् सून सकाळी सडकेनं जातो. गाड्या गेल्या का बाजूच्या बाभळीच्या काट्याले कापूस लटकून राह्यते, तो वेचून आनतो. तो पुरत नाही, मंग त्यात सावरीचा मिळवतो, उशीत भरतात तो — लय नखऱ्याचा, चरख्यावर टिकतच नाही, अर्धा नाकात जाते. अंबाडीचा धागा घालून पाह्यला, तं ज्यानं घेतला तो खांदा खाजवत वापस घेऊन आला. आमचीच जुनी लुगडी उसवली, त्याचं सूत काढलं. अन् रंग? रंगाऱ्याचं दुकान बंद, तो गेला गाठी बांधाले. मंग घरीच रंगवतो — पळसाची फुलं, डाळिंबाची सालं, तांबड्यासाठी आलाच्या झाडाच्या मुळ्या. कवा जमते, कवा फसते. एकासारखा दुसरा दुपट्टा कधी होतच नाही आमचा. पन हा तुमच्या हातातला — हा आमचा नाही.

पाहू बरं. नाही, हातात देऊ नोका, तथूनच दाखवा. काठ पाहा कसा ढिला हाये. कोन्या शिकाऊ बाईचं काम दिसते. आमच्याकडं असा काठ कोनी सोडला तं मी उसवून पुन्हा विनाले लावते, सुनेले विचारा — नाही, तिले नोका विचारू. तुमी असं करा, कारंज्याले जा, तिकडं बी कोष्टी हायेत, त्याईचा असन. कोन्यातरी मायचं लेकरू असन ते, तिले खबर लागली पाहिजे, हे खरं हाये. तुमी भले मानूस, नाहीतं कोन फिरते मेलेल्याचा दुपट्टा घेऊन दारोदार? पन इथं नाही. हा पिवळा तं कोनीही करते, पळसाले काय कमी हाये या मुलखात? अन् त्या दुसऱ्या टोकाचा हिरवट पट्टा, तो तं रंगच नाही, तो फसलेला — काय? कोनता म्हनजे? तोच, शेवटचा, शेवाळाच्या रंगाचा. आत्ताच तं तुमी दाखवला. नाही दाखवला? … घडीच उलगडली नाही तुमी?

नोका पाहू असे माह्याकडं. नोका पाहू.

हाव. हाव भाऊ. माहाच हाये. माह्या हातचा, माह्या पोराचा. पुंजाराम. पुंजाराम नाव होतं — हाये — त्याचं. तुमाले नाव बी मालूम नसन, ज्याच्या तोंडात पानी घातलं त्याचं. एकुलता एक. कोष्ट्याचं पोर ते, बैल जुपाव कसा ते मालूम नाही, अन् संक्रांत झाली तसं म्हने, माय, मागावर तिघाईचं पोट नाही भरत, आता चौथं येऊन राहिलं, मी गाडीवर जातो. म्या म्हटलं, अरे तुले बैल लाथ मारन. तं हासला. लय हासे तो. कशालेही हासे.

तो हिरवा पट्टा? तो सुनेचा पराक्रम हाये. जमुना नाव तिचं. नवी नवी आली होती घरात, दोन सालाआंधीच्या शिमग्याले. पळसाची फुलं मातीच्या मडक्यात उकळाव, हे कोन्याही कोष्ट्याच्या पोरीले मालूम असते, पन मडकं फुटलं तिच्या हातून, अन् भीतीच्या मारी हिनं काय कराव? गुपचूप लोखंडी कढईत फुलं उकळली अन् सूत त्यातच भिजत ठेवलं. सकाळी पाहतो तं काय, केशरी राह्यलं बाजूले, डबक्यातल्या शेवाळासारखं हिरवट-काळं सूत निंगालं! मी इतली बोल्ली तिले, इतली बोल्ली — एवढ्या कष्टानं काट्यातून वेचलेला कापूस, नासवला म्हटलं. ते चुलीपाशी रडून राहिली. अन् हा पोट्टा आला, ते सूत उचललं, खांद्यावर टाकलं, अन् म्हनते कसा — माय, हे मले पाहिजे. माह्या दुपट्ट्याच्या टोकाले हेच विन. असा रंग उभ्या वऱ्हाडात कोनापाशी नसन, जत्रेत हरवलो तं यावरूनच ओळखजा मले. बायको रडून राहिली होती ना, तिले हासवाले बोल्ला तो. ते हासली बी. मंग तिनंच विनला तो पट्टा, म्हनून काठ ढिला हाये. म्या उसवला नाही. पुंजारामनं उसवू नाही देल्ला.

तिनं तो रंग पुन्हा कराले लय खटपट केली भाऊ. तीच कढई, तेच पळस, तुरटी कमी केली, तुरटी वाढवली — आला काय? कवा राखेसारखा येते, कवा मातीसारखा. तसा हिरवा पुन्हा नाही जमला. म्हनून सांगते, तुमी उंबऱ्यातच होते, घडी बंद होती, पन एका कोपऱ्यातून बोटभर हिरवं बाहेर आलं होतं. मले तवाच समजलं. तुमी बोलाच्या आधी समजलं.

कुठं म्हनले — मोर्णेच्या काठी? निंबाखाली? पटकीच होती ना? बाकीच्या गाड्या पुढं निंगून गेल्या, हे बी समजते मले, पटकीच्या मानसापाशी कोन थांबते, त्याईची काय चूक. तुमी थांबले. तुमी कायले थांबले भाऊ? तुमाले भेव नाही वाटलं? … तुमचा भाऊ असाच गेला? बरं. बरं. … तो काही बोल्ला का? आठवून सांगा. एखादा शब्द. … नाही. पटकीत आवाजच बसते मानसाचा, हे मले मालूम हाये, याचा बाप बी तसाच गेला. पानी मागतलं असन. मागतलं ना, हातानं? अन् तुमी पाजलं. या हातानं? दाखवा तो हात. द्या इकडं. … मी म्हातारी हावो, मायच्या वयाची, लाजू नोका. हा उजवा. यानंच अग्नी बी देल्ला का? यानंच. बरं झालं. ओंजळ मोठी हाये तुमची, पोटभर पेला असन तो.

नाही, रडत नाही मी. रडताच येत नाही मले, तेच तं सांगून राहिली तुमाले. मोठ्यानं रडली का माग थांबन. गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीले तिचं पहिलं पोटात होतं, तिचा बाप गेल्याची खबर कोनी अशीच दारातून ओरडून सांगतली, अन् त्याच रात्री तिचं सारं मोकळं झालं. ते बी राह्यलं नाही अन् हे बी मरता मरता वाचली. आता पुन्हा? आता तं पुंजारामचं म्हनून तेवढंच हाये या दुनियेत, तिच्या पोटात. मी नाही सांगनार तिले. बाळंत होऊ दे, बारसं होऊ दे, लेकराले दूध नीट येऊ दे, मंग सांगीन. तवर तिचं कुंकू राहू दे, बांगड्या राहू दे. रोज सकाळी ते कुंकू लावते अन् विचारते, सासूबाई, आखाजीच्या सनाले येतीन ना हे? अन् मी म्हनते, येईन व, गाड्या काय पाखरं हायेत उडत याले? आता उद्या सकाळी बी तसंच म्हनीन. जमन मले. जमलंच पाहिजे.

लोक म्हनतीन, कशी माय हाये, पोराचा दिवस नाही केला, पिंड नाही पाडला, सुतक नाही पाळलं. म्हनोत. देव मले काय इचारनार हाये ते मी पाहून घेईन. तुमी एक करा माह्यासाठी, पाया पडते तुमच्या. हा दुपट्टा वापस घेऊन जा. घरात ठेवला तं ते हुडकन, तिच्या नजरेतून धागा सुटत नाही. कौंडण्यपूरले जानं झालं कवा, तं वर्धेच्या धारेत सोडा. मी जाऊ शकत नाही, कायले चालली म्हनून इचारन ते. पानी सोडाल तवा नाव घ्या त्याचं, पुंजाराम म्हना — अन् तो हिरवा पट्टा तेवढा — नाही. काही नाही. सारा सोडा. फाडून नोका घेऊ त्याच्यातून काही, मी म्हटलं तरी देऊ नोका.

भाऊ, माग कवा थांबला?

मी बोलतच राहिली, माह्या ध्यानातच नाही. तुमी ऐकत होते ना? आत्ता थांबला का मघाच? … मघाच?

— कोन, जमुने? कायले उठली व माय, अशा अवघडल्या अंगानं? पानी आनलं? ठेव तथी, मी देते भाऊले. कोनी नाही, रस्ता चुकले बिचारे, कारंज्याले जाचं हाये त्याईले. हा दुपट्टा? हा त्याईले वाटेत सापडला, तं इचारत फिरून राहिले कोनाचा म्हनून. तू जा आत. अवो, हात कायले लावतेस, धुळीचा हाये तो — बरं, पाहा. पाहून घे. … उलगडू नोको व. … किती वेळ पाह्यशील? … जमुने.

काय म्हनली? भाऊले ऐकू नाही आलं, जोरानं सांग. आपला नाही?

आपला नाही म्हनते भाऊ. ऐकलं ना? म्हनते, असा हिरवा आमच्याकडं कधी झालाच नाही. घडी बी नीट घालून देल्ली तिनं, पाहा, हिरवं टोक आत घालून. … जा व माय, बस जा. येते मी. तूप टाकून भाकर खाऊ आपन दोघी.

गेली.

तिचाच रंग हाये तो भाऊ. तिच्या कढईतला, तिच्या रडन्यातला. अंगठा फिरवला तिनं त्या पट्ट्यावरून, तुमी पाह्यलं का? ढिल्या काठापर्यंत फिरवला, अन् माह्या डोळ्यात पाहून म्हनली आपला नाही. मी तिच्यासाठी लपवून राहिली, अन् ते माह्यासाठी. तिले वाटलं असन, म्हातारीले आताच समजलं तं म्हातारी राह्यनार नाही. आता उद्या सकाळी ते कुंकू लावन अन् मले इचारन, आखाजीले येतीन ना? अन् मले सांगा लागन, येईन म्हनून. तिच्या तोंडाकडं पाहून सांगा लागन. कसं सांगू भाऊ मी? कसं सांगू?

… ऐका. सुरू झाला माग. हळू चालून राहिला, पन चालला.

उठा भाऊ. तेवढं पानी पिऊन घ्या, तिनं आनलं हाये. अन् जा. आता कायले थांबले? दोघीईनं सांगतलं ना तुमाले, आमच्या हातचा नाही. जा.