एक्केचाळीस वेळा मी 'एक' दाबला

आधी एक तक्रार करते, नमस्कार मागून. या महिन्यात तुमच्या कचेरीतून मला तीन फोन आले. तिन्ही वेगळ्या माणसांचे, आणि तिघांनीही तेच विचारलं, तुमची नात कधी वारली? पहिलीला तारीख आकड्यांत हवी होती. दुसऱ्याला वारही हवा होता. तिसरा म्हणाला, आजी, वर्ष आधी सांगा, आमच्या चौकटीत वर्ष आधी येतं. मी म्हटलं, बाबा, आमच्याकडे मरण आधी आलं, वर्ष कुठलं ते नंतर पाहिलं. तुम्ही तिघं एकाच मजल्यावर बसता असं कळलं. एकमेकांना विचारलं असतंत, तर म्हातारीला ते एकदाच सांगावं लागलं असतं.

झालं. आता रीतीनं बोलते.

या सभेच्या अध्यक्षबाई, आज सेवेतून निवृत्त होणारे आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो ते मोठे साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती, व्यासपीठावरची थोर मंडळी, संगणकापुढे मान मोडून काम करणारी पोरंपोरी, आणि दाराशी उभे असलेले शिपाईदादा, ज्यांनी मला जिन्याच्या दोन पायऱ्या हात दिला, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार. मी शाळा चौथीपर्यंत पाहिली. बोलताना वाट सोडेन म्हणून हे लिहून आणलंय. अक्षर माझं आहे, चुकाही माझ्याच.

मला इथं बोलावलं ते नातीच्या वतीनं मानचिन्ह घ्यायला. पत्रात लिहिलं होतं, दोन शब्द बोला. दोन शब्दांत मावणारी पोर मी वाढवली नव्हती.

ती काय करत होती हे तुम्हाला ठाऊक आहे. पण साहेबांचे पाहुणे आलेत, त्यांच्यासाठी सांगते, मला कळलं तसं. रुग्णालयात माणसाचं रक्त तपासतात. त्यात काही जिवावरचं निघालं, तर प्रयोगशाळेच्या संगणकानं वॉर्डातल्या संगणकाला तिथल्या तिथं कळवायचं. सोपं वाटतं ना? पण रुग्णालयं सात, प्रयोगशाळा चार, आणि प्रत्येकाचा संगणक वेगळ्या कंपनीनं बोलायला शिकवलेला. एकाचं दुसऱ्याला कळेना. या सगळ्यांना एकमेकांशी बोलतं करणारी जी वेब सर्व्हिस तुम्ही केलीत, तिचा इंटरफेस माझ्या नातीनं लिहिला.

इंटरफेस म्हणजे काय, असं मी तिला भाजी निवडताना विचारलं होतं. ती म्हणाली, आजी, तू गणवेश शिवायचीस तेव्हा बाह्या कोण करायचं? मी चाळीस वर्षं गणवेश शिवले. बाह्या एकीकडे, कॉलर दुसरीकडे, अंग माझ्याकडे. पहिल्या वर्षी साठ बाह्या आल्या आणि एकही मुंढ्यात बसेना. बाह्यावाली म्हणे माझं माप बरोबर, मी म्हणे माझं. दोघींचंही बरोबरच होतं, सदरा मात्र होत नव्हता. दुसऱ्या वर्षी मी कात्री हातात घ्यायच्या आधी पुठ्ठ्याचा साचा कापला, जोडाच्या जागी खाचा पाडल्या, आणि सगळ्याजणींना एकेक दिला. तुम्ही घरी कशाही शिवा, कुठल्याही मशीनवर शिवा, पण या खाचा जुळल्या पाहिजेत. नात म्हणाली, तेच. फक्त आमच्याकडे लोकांना शिवायची फार घाई असते.

घाई खरीच होती. ती दोन्ही बाजूंच्या लोकांना एका खोलीत बसवायची आणि लिहून घ्यायची. काय विचारायचं, कुठल्या आकारात विचारायचं, उत्तर कसं यायचं, मोजमाप कुठलं. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय कोणी संगणकाला बोट लावायचं नाही. तुमच्यातल्याच काहींनी तिचं नाव 'आधी-कागद' ठेवलं होतं. खाली बघू नका, मला सगळं सांगायची ती. रागवायची नाही. म्हणायची, हसू देत, जोडताना रडणार नाहीत.

एकदा आठवडाभर ती एकाच गोष्टीवर भांडली. उत्तरात एखादी जागा कोरी आली, तर तिचा अर्थ काय? तपासणी केली आणि काही निघालं नाही, की तपासणी केलीच नाही? तुमचे एक हुशार गृहस्थ म्हणाले होते, कोरं ते कोरं, वाचणारा समजून घेईल. घरी येऊन तिनं मला विचारलं. मी म्हटलं, चार महिने पत्र आलं नाही तर पोरगा मजेत आहे, असं समजायचं की कसं? दुसऱ्या दिवशी तिनं कागदात दोन वेगळे शब्द घालून घेतले. तेवढीच माझी तुमच्या शास्त्रात भर.

आता साहेबांविषयी. निरोपाच्या दिवशी माणसाचं चांगलंच बोलावं, आणि साहेबांचं चांगलं पुष्कळ आहे. नात आजारी पडली तेव्हा ते दोनदा आले, हातात फळं घेऊन, खाली मान घालून बसले. तिचा ताप अकरा दिवसांचा. त्याचा तुमच्या यंत्रणेशी काही संबंध नव्हता, तेवढे तुम्ही सुटलात. साहेब माझ्याशी बोलताना रडले, मी रडले नाही. मला ते बघून बरं वाटलं, कोणीतरी रडायला हवं होतं.

पण साहेब, त्या कागदाची अकरा पानं भरली आणि बारावं कोरं राहिलं, हे तुम्हाला आठवत असेल. बाराव्या पानावर एवढंच लिहायचं होतं: वॉर्डाकडून दहा मिनिटांत 'मिळालं' असं उत्तर नाही आलं, तर कोणी जागचं उठायचं? प्रयोगशाळा म्हणाली, आम्ही पाठवलं, आमचं काम संपलं. रुग्णालय म्हणालं, आलंच नाही तर आम्ही काय करणार? आणि तुम्ही तिला म्हणालात, तूर्तास तुमचाच नंबर टाका, पुढच्या बैठकीत बघू. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. म्हणाली, आजी, सगळा साचा कापला आणि गळा तसाच ठेवला. पुढची बैठक झाली खरी. ती तिच्या शोकसभेची होती.

तिचा फोन घरीच राहिला. कोणी मागितला नाही, मी दिला नाही. रोज सकाळी मी तो विजेला लावत होते. का, ते मला विचारू नका.

ती गेल्यानंतर विसाव्या दिवशी, दुपारी, मी मशीनला तेल घालत होते आणि फोन वाजला. उचलला तर तिचाच आवाज. मी खाली बसले. तुमच्या लोकांना ठाऊक असेल, चाचणीसाठी तिनं आपल्याच आवाजात भरून ठेवलं होतं आणि ते बदलायचं राहून गेलं. मला कुठून ठाऊक असणार? ती सांगत होती, उत्तर आलेलं नाही. तुम्ही जबाबदारी घेत असाल, तर एक दाबा.

आता मला सांगा, तिची आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. तेव्हापासून तिची जबाबदारी दुसऱ्या कोणी घेतली होती का? तिनं विचारल्यावर मी काय नाही म्हणणार होते? मी एक दाबला. ती म्हणाली, धन्यवाद, नोंद झाली.

सात महिन्यांत असे एक्केचाळीस फोन आले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मी टिंबं केलीत, म्हणून आकडा पक्का. कधी आठवडाभर काहीच नाही, कधी एका दुपारी दोन. मी एक दाबायचे, ती धन्यवाद म्हणायची, मी पुन्हा कामाला लागायचे.

मागच्या सोमवारी नोंदीतल्या नावावरून पत्ता काढत दारावर एक चष्मेवाली मुलगी आली. प्रयोगशाळेत काम करते. भांडायलाच आली होती. म्हणाली, "त्या मॅडम कुठे आहेत? दर वेळी जबाबदारी घेतली म्हणून नोंद करतात आणि वॉर्डात कोणी फिरकत नाही."

मी म्हटलं, "मॅडम नाहीत. एक मी दाबते. आत ये."

मग तिनं मला समजावलं. एक दाबला की संगणक समजतो, कोणीतरी उठलं. मग तो पुन्हा हाक मारत नाही. दोन दाबला असता तर बाराव्या पानावरच्या पुढच्या माणसाकडे गेला असता, पण तिथं पुढचा माणूसच नाही. आदल्या आठवड्यात एका गृहस्थांच्या रक्तात काही क्षार इतका वाढला होता, की हृदय बंद पडायचं. वॉर्डातला संगणक बिघडलेला. इकडे माझा एक. ही पोर पाळी संपवून निघताना सहज बघते, तर अजून उपचार नाहीत. चार जिने धावत उतरली. ते गृहस्थ वाचले.

मी विचारलं, "आणि बाकीचे चाळीस?"

ती म्हणाली, "आजी, बहुतेक वेळा नर्स स्वतःच रिपोर्ट बघतात."

"बहुतेक म्हणजे किती?"

तिनं चष्मा काढला आणि पुसत बसली. पाणी दिलं तेही तसंच ठेवून गेली.

आज दाराशी सगळ्यांना एक छापील पुस्तिका दिलीत. मी वाचली, बोट ठेवून. साहेबांच्या कारकिर्दीचा मोठा मान म्हणून तिसऱ्या पानावर लिहिलंय, सेवा सुरू झाल्यापासून एकही हाक अनुत्तरित राहिली नाही. मघाशी त्यावर टाळ्या झाल्या. मंडळी, ते उत्तर देणारी बघून घ्या. ही मी.

माझा वाटा मी घेतला आहे. त्या चाळीस घरांपैकी कोणी माझ्या दारी आलं, तर दार बंद करणार नाही. काय बोलेन ते मला अजून सुचलेलं नाही. पण मला तुमचा साचा माहीत नव्हता. तुम्हाला माहीत होता. सोमवारीच त्या मुलीनं इथं कळवलं, तर उत्तर मिळालं, समारंभ होऊ द्या, मग समिती नेमू. तेव्हापासून ही सेवा आम्ही दोघी चालवतोय. फोन मी उचलते, तिला लावते, ती पळते. तुमच्याच कागदात बघा, शिंपिणीची तरतूद आहे का.

मानचिन्ह मी घेणार नाही. रागानं म्हणत नाही. त्यावरही पुस्तिकेतलं तेच वाक्य कोरलंय. ते खरं नाही, आणि खोटं कोरलेलं तिनं घरात ठेवू दिलं नसतं.

बोलावलंत, गाडी पाठवलीत, पुढच्या रांगेत बसवलंत, आभारी आहे. साहेब, तुम्हाला पुढचं आयुष्य सुखाचं जावो, हे मनापासून म्हणते. पत्रात दोन शब्द सांगितले होते, मी पाच पानं वाचली. कोणाच्या सणाच्या दिवशी रडगाणं गायले असं वाटलं तर म्हातारीची चूक पदरात घ्या.

हा तिचा फोन मी या टेबलावर ठेवते आहे. आवाज बदला, तो बदलायलाच हवा, तो ऐकून माणूस चुकतं. सात महिने मला तो पुरला. साहेब, तुमची सही आज पाच वाजेपर्यंत चालते. तोवर हा तुम्ही उचलायचा. पाचच्या आत बाराव्या पानावर प्रयोगशाळेचं एक नाव आणि रुग्णालयाचं एक नाव लिहायचं, त्या दोघांना इथं उभं करून, सगळ्यांसमोर. पाचनंतर पहिल्यानं उत्तर द्यायचं, तो नसेल तर दुसऱ्यानं. आणि जो कोणी एक दाबेल, त्यानं दाबायच्या आधी खुर्चीतून उठायचं.