तळ्याकाठचा सत्कार

हसू नका, पण माझ्या जर्मन बॉसचा सत्कार फ्रँकफर्टजवळच्या एका तळ्यावर झालाय. तोही माझ्या सासऱ्यांच्या हस्ते.

सासरे पुण्यातल्या त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष. आमच्याकडे जर्मनीला येतानाच जावयाच्या साहेबांसाठी शाल घेऊन आले. न जाणो कुठे भेटले तर, म्हणून ती रोज पिशवीत. माझं प्रोबेशन चालू होतं, त्यामुळे मी ती भेट टाळत होतो.

रविवारी त्यांना तळ्यावर नेलं. तिथे एका बाजूला कपडे ऐच्छिक असतात हे मला माहीत होतं. पण चालता चालता आपण त्याच बाजूला आलोय, हे समोरून बॉस येईपर्यंत कळलं नाही. त्याच्या अंगावर फक्त चष्मा.

"अरे वा, तुम्हीपण इथे!" त्याने हात पुढे केला. मी चष्म्यावरची नजर न हलवता तो हातात घेतला.

"कोण हे?" सासऱ्यांनी विचारलं.

खोटं सुचेना. "माझे साहेब, बाबा."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!" त्यांचा हात पिशवीत.

"बाबा, आत्ता नको!"

ऐकतात कसले! शाल उलगडून त्यांनी रीतसर बॉसच्या खांद्यावर घातली आणि म्हणाले, "जावईबापू, फोटो काढा."

नोकरी गेली, असंच मला वाटलं. पण बॉस नुकताच पाण्यातून आलेला, वर गार वारा. त्याने शाल पुढून गच्च ओढून घेतली आणि आभार मानत दोनदा "डांके" म्हणाला.

परतताना सासऱ्यांनी रिकामी पिशवी घडी घालून खिशात ठेवली. मग एकदम म्हणाले, "आयुष्यभर सत्कार केले हो. शाल खरोखर कामाला आलेला माणूस आज पहिल्यांदा बघितला."